झोप गेली ती भूकंपाने नव्हे

नोव्हेंबर 2018 मध्ये डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली आणि मग थांबेचना. धुंदलवाडी, हळदपाडा ही आमच्याकडची नावं तेव्हा पहिल्यांदा टीव्हीवर आली. भिंतींना तडे गेले, प्रशासनाने तंबू दिले. थंडीत माणसं लेकराबाळांना घेऊन अंगणात झोपली. म्हणजे आडवी झाली, झोपली कुठली! डहाणू रोड स्टेशनजवळ आमचं मेडिकलचं दुकान आहे. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन झोपेची गोळी न्यायला येणारे त्या दिवसांत फार वाढले. धुंदलवाडीजवळ राहणाऱ्या माझ्या मामांसाठी मामेभाऊ गोळी न्यायला आला, तेव्हा त्यात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, बिनव्यसनी. पुढच्या जुलैत ते गेले. आजाराचं नाव क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजेच सीजेडी. हा मेंदूचा प्रायॉन आजार आहे. दहा लाखांत वर्षाला एखाद-दोघांना होतो आणि झाला की बहुतेक जण वर्षाच्या आत जातात. यातले काही प्रकार घराण्यात चालत येतात. त्यामुळे मामांबरोबर त्यांच्या मुलांच्या, माझ्या आईच्या आणि माझ्याही डोक्यावर काही आठवडे टांगती तलवार होती. त्या सहा-सात महिन्यांत जे कळलं ते लिहिते आहे. मी फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही. तेव्हा हे घरच्या माणसाचं टिपण समजून वाचावं.

1. "झोप लागत नाही" एवढं सांगून भागत नाही.

धक्क्यांच्या भीतीने उडालेली झोप माणूस दिवसा भरून काढतो. मामांच्या पाड्यावरची माणसं रात्र तंबूत काढून दुपारी ओटीवर लवंडली की घोरायला लागायची. मामा दुपारीही टक्क जागे. गोळीने सुस्ती यायची, जीभ जड व्हायची, पण झोप म्हणावी अशी नाहीच. कधी अर्धवट डोळा लागला की उजवा हात हवेत चालायला लागायचा. मामी म्हणायच्या, "फळ्यावर लिवतात." मी एकदा जवळ बसून पाहिलं. अंगठा आणि तर्जनी खडू धरल्यासारखे जुळलेले. हात डावीकडून उजवीकडे सरकायचा, ओळ संपली की परत डावीकडे यायचा आणि थोडा खाली उतरून नवी ओळ धरायचा.

पुढे वाचनात आलं की प्रायॉन आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारात हेच मुख्य लक्षण असतं. त्या प्रकाराला प्राणघातक कौटुंबिक निद्रानाश म्हणता येईल. इटलीत व्हेनिसजवळच्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं पन्नाशीच्या आसपास झोप गमावून मरत. त्या घरच्या जावयाने, इन्यात्सिओ रॉइटर या डॉक्टरने, आजारी पडलेल्या एका नातलगाला 1984 मध्ये बोलोन्याला नेलं. तिथले एलियो लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये हा आजार जगापुढे मांडला. मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस हा भाग त्यात झिजतो. झोप उडण्याबरोबर दरदरून घाम येतो, नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, अंग सारखं गरम लागतं, एकाचे दोन दिसतात आणि अर्धवट झोपेत हात स्वप्नातलं काम करत राहतात. झोपेच्या गोळ्यांनी उतार पडत नाही.

मामांचा आजार हा नव्हता, त्याचा चुलतभाऊ होता. पण डॉक्टरांना नुसतं "झोप लागत नाही" न सांगता दुपारचं काय, घाम किती, झोपेत हात काय करतात हे सांगितलं असतं तर त्यांना पुष्कळ हाती लागलं असतं, असं मला वाटतं. हे यंत्रावर दिसत नाही. उशाशी बसलेल्यालाच दिसतं.

2. तारीख आठवत नसेल तर सण आठवा.

मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला: "आधी काय झालं, मग काय झालं, आणि मधे किती दिवस गेले?" मामी गप्प. आमच्याकडे तारखा कोण लक्षात ठेवतो? मग डॉक्टरांनीच विचारलं, "होळीला कसे होते?" आणि मामी सुरू झाल्या.

संक्रांतीला झोप गेलेली होती, चिडचिड होती, बाकी बरं होतं. होळीच्या सुमाराला बँकेतून पैसे काढायची स्लिप परत आली. सही जुळत नाही म्हणे. आयुष्यभर हजेरीपटावर आणि फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलेला माणूस! मी ती स्लिप पाहिली. पहिली दोन अक्षरं त्यांची होती, पुढची रेघेवरून खाली घसरलेली आणि आडनावाचा शेवटचा काना दोनदा दिलेला. त्याच आठवड्यात सदऱ्याची बटणं वरखाली लागायला लागली. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला गेले तेव्हा गर्दीत घाबरले. समोरचा पाळणा सोडून भलतीकडेच बघत राहिले. शेतात राब भाजून झाले तोवर मामींना "तुम्ही कोण?" विचारायला लागले होते. पहिला पाऊस पडला तेव्हा खाटेला खिळलेले.

मामेभावाने हे सगळं कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहून काढलं. तो कागद पाहून डॉक्टर म्हणाले की विस्मरणाचा नेहमीचा आजार असता तर एवढी उतरण व्हायला वर्षं लागली असती. इथे प्रत्येक सणाला माणूस एक पायरी खाली आलेला आहे. हा वेग हेच सीजेडीचं मोठं लक्षण. एमआरआय, मेंदूचा आलेख, पाठीच्या कण्यातलं पाणी, सगळ्या तपासण्या झाल्या. संशय मात्र त्या कॅलेंडरच्या कागदावरच पक्का झाला होता.

3. तोल जाणं म्हणजे अशक्तपणा, असं धरून चालू नये.

आमच्या दुकानात "पायात ताकद नाही" म्हणून टॉनिक मागणारे रोज येतात. ताकद नसणं वेगळं आणि तोल नसणं वेगळं. मामांच्या पायात ताकद भरपूर होती. खाटेवरून लाथ मारली तर मामेभाऊ मागे सरकायचा. पण ओट्यावरून खाली उतरताना पायरी कुठे आहे हेच पायाला कळेना. दोन पाय फाकवून, जहाजावर चालावं तसे अंगणात चालायचे. पाड्यावर "मास्तर प्यायला लागले" अशी कुजबुज झाली. निर्व्यसनी माणसाच्या वाट्याला असं बोलणं येणं हे मामींना आजारापेक्षा जास्त लागलं.

तोल जाण्यापासूनच सुरू होणारा एक आनुवंशिक प्रायॉन आजार आहे. व्हिएन्नात गेर्स्टमान, श्ट्रॉइसलर आणि शाइंकर या तिघांनी 1936 मध्ये एका घराण्यावर निबंध लिहिला. त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याला जीएसएस म्हणतात. तो साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान धरतो. आधी चाल लडखडते, मग बोलणं अडखळतं आणि बुद्धीवर परिणाम बऱ्याच उशिरा होतो. सीजेडी महिन्यांत संपवतो, हा काही वर्षं चालतो. म्हणूनच तो सहज वेगळ्या खात्यात टाकला जातो.

ते वेगळं खातं आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्याबरोबर 1971 मध्ये घराण्यात चालणाऱ्या तोलाच्या आजाराचा एक नवा प्रकार मांडला. त्या रुग्णांची चाल बिघडलेली होतीच, शिवाय डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फार सावकाश वळत. आज तो एससीए-2 नावाने ओळखला जातो. तो प्रायॉन आजार नाही. पण मामांना तपासताना डॉक्टर बोट डावी-उजवीकडे नेऊन इतका वेळ डोळे का बघत होते, ते मला वाडियांबद्दल वाचल्यावर उमगलं.

4. दचकणं.

मामींनी स्टीलचं ताट जमिनीवर ठेवलं की मामांचं अख्खं अंग उडायचं. दार वाजलं, कुणी खांद्याला हात लावला, कुकरची शिट्टी झाली, प्रत्येक वेळी झटका. भूकंपाच्या त्या दिवसांत गंमत अशी की मामा दचकले की शेजारीपाजारीही "धक्का आला काय?" म्हणून उठून उभे राहायचे. घाबरून गेलेला माणूस दचकतो, पण सवय झाली की कमी दचकतो. मामांचं उलट होत गेलं. झोपेतही, आवाज नसतानाही, एका हाताला किंवा पोटाच्या स्नायूला झटके येत राहिले. क्लोनाझेपाम सुरू केल्यावर ते बरेच कमी झाले. आजार हटला नाही, तरी मामींना त्यांना भरवता यायला लागलं, हे काही थोडं नाही.

5. आधी जे बरं होऊ शकतं ते शोधायचं.

झपाट्याने बुद्धी जाणाऱ्या माणसाला प्रायॉन आजारच असेल असं नाही; बहुतेक वेळा दुसरंच काही असतं आणि त्यातलं पुष्कळसं औषधाने सुधारतं. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम उतरणं, पडल्यामुळे कवटीखाली साचलेलं रक्त, क्षयाचा मेंदूज्वर, चुकीच्या गोळ्यांचा मारा. आणि अलीकडे लक्षात येऊ लागलेला एक महत्त्वाचा गट म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर केलेला हल्ला. त्यात वेळेवर स्टेरॉइड दिलं तर माणूस पुन्हा कामाला लागतो. म्हणून मुंबईत मामांनाही काही दिवस स्टेरॉइड देऊन पाहिलं. उपयोग झाला नाही, पण ते करायलाच हवं होतं.

पहिला एमआरआय आम्ही जवळच्या एका शहरात केला होता. अहवालात एका ओळीत "वयोमानानुसार बदल" लिहून मोकळे झाले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी तीच फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले की डिफ्यूजनची चित्रं यात नाहीतच. सीजेडीत मेंदूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर रिबिनीसारखी पांढरी कड उजळते, आतल्या काही गाठीही उजळतात, आणि ते डिफ्यूजनच्या चित्रांत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. दुसऱ्यांदा एमआरआय केला तेव्हा ती कड आम्हालाही दिसली. तेव्हा अशी शंका असेल तर चिठ्ठीवर "डिफ्यूजनसह" असं लिहून घ्यावं. पैसे दोनदा जात नाहीत आणि आमच्यासारखं चारोटी नाक्यापासून घोडबंदरच्या कोंडीपर्यंत आजारी माणसाला दोनदा हेलपाटावं लागत नाही.

मधल्या काळात मामींनी भगतालाही बोलावलं होतं. दुकानात बसून त्यावर शेरे मारणं सोपं असतं. त्या म्हाताऱ्या भगताने मामांकडे बराच वेळ पाहिलं आणि "याला दवाखान्यातच न्या" म्हणून सांगितलं. मी तेव्हापासून भगत या विषयावर तोंड जपून उघडते.

6. नाव कळलं म्हणजे काय कळलं?

मामेभाऊ वापीच्या कारखान्यात आहे, शिकलेला आहे, पण "प्रायॉन" म्हटल्यावर त्याने विचारलं, "हा जंतू कुठून आला?" डॉक्टर म्हणाले, "हा जंतूच नाही." प्रायॉन हे आपल्याच मेंदूत असलेलं एक प्रथिन. ते सरळ घडीचं असतं तोवर काही त्रास नाही. एखाद्या रेणूची घडी वाकडी पडली की तो शेजारच्याला आपल्यासारखा करतो, तो त्याच्या शेजारच्याला. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण पडावं तसं हे पसरत जातं. मेंदूच्या पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो. नुसतं प्रथिन आजार पसरवू शकतं हे स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये मांडलं तेव्हा पुष्कळांना ते पटलं नव्हतं. 1997 मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं.

ही पहिली घडी वाकडी का पडते? साधारण 85 टक्के रुग्णांत कारण सापडतच नाही, आपोआप पडते. 10 ते 15 टक्क्यांत पीआरएनपी नावाच्या जनुकातला दोष आई किंवा वडिलांकडून आलेला असतो. आणि अगदी थोड्यांना बाहेरून लागण झालेली असते: पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृतांचं मांस खाण्याच्या रिवाजातून पसरलेला कुरू, ब्रिटनमधल्या गायींच्या वेडातून माणसांत आलेला प्रकार, ही त्याची गाजलेली उदाहरणं. भारतातही हा आजार नवा नाही. बंगळूरच्या निम्हान्सचे डॉ. सतीशचंद्र आणि डॉ. शंकर यांनी 1971 ते 1990 या काळातल्या भारतीय रुग्णांवर लिहिलं, त्यालाही आता तीन दशकं होऊन गेली.

उपचार नाही हे कळल्यावर मामेभाऊ म्हणाला, "मग एवढं फिरलो कशाला?" मला विचाराल तर त्या फिरण्यातून एक मोठी गोष्ट मिळाली: फिरणं थांबलं. वलसाडचा डॉक्टर, सिल्वासाचा वैद्य, कुणी सांगितलेली नाशिकची पुडी, सगळं बंद झालं. उरलेले दिवस मामा घरी राहिले.

7. घराण्याचा कागद आधी काढायचा, रक्त नंतर.

डॉक्टरांनी केसपेपर उलटा केला आणि त्यावर चौकोन आणि वर्तुळं काढायला सुरुवात केली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्यावर तिरपी रेघ. "वडील कशाने गेले? आई कशाने गेली? शेवटी शेवटी चालायच्या कशा?" मामी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आजी, म्हणजे मामांची आणि माझ्या आईची आई, शेवटची दोन-तीन वर्षं भिंत धरून चालायची. "म्हातारपण" म्हणून आम्ही तो विषय मिटवला होता. डॉक्टरांनी त्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं आणि तिच्यापासून एक रेघ मामांकडे, एक माझ्या आईकडे ओढली. आईच्या वर्तुळाखाली एक छोटं वर्तुळ होतं. ते माझं.

हा दोष वारशाने येतो तेव्हा आई-बाबांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. दोष असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. आणि एकाच दोषाचेही खेळ निरनिराळे. जनुकातल्या 178 व्या जागी होणारा एक ठरावीक बदल काहींना निद्रानाशाचा प्रकार देतो, तर काहींना सीजेडीसारखा. कोणता, ते बरंचसं त्याच जनुकातल्या 129 व्या जागेवर अवलंबून असतं. 1992 मध्ये हे कळलं.

मामेभाऊ म्हणाला, "माझं रक्त आत्ताच घ्या." डॉक्टरांनी नकार दिला. पद्धत अशी आहे की आधी आजारी माणसाचं रक्त तपासायचं. त्याच्यात दोष नसेल तर प्रश्नच मिटला. असेल तर बाकीच्यांनी आधी समुपदेशन घ्यायचं, मग प्रत्येकाने स्वतःपुरतं ठरवायचं. धाकट्यासाठी थोरल्याने ठरवायचं नाही, आणि लहान मुलांची चाचणी तर करायचीच नाही. धाकट्या मामेबहिणीचं तेव्हा लग्न जुळत होतं. ती म्हणाली, "मला नाही कळून घ्यायचं. आणि दादाचं कळलं तरी मला सांगू नका." घरात यावरून बोलाचाली झाली. सोयरिकीच्या घरी सांगायचं की नाही, यावर तर मामांच्या खाटेशेजारीच वाद पेटला. मी धाकटीच्या बाजूची होते आणि आजही आहे. ज्यावर उपाय नाही ते जाणून घेण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. सासरच्यांना काय सांगायचं हा तिचा प्रश्न; तो आत्यांनी आणि मावश्यांनी मिळून सोडवायचा नसतो.

याच प्रश्नाला अगदी उलट उत्तर दिलेली एक बाई आहे. सोनिया वल्लभ, अमेरिकेतली भारतीय वंशाची. तिची आई पन्नाशीच्या सुरुवातीला झपाट्याने आजारी पडली आणि 2010 च्या डिसेंबरमध्ये गेली. पुढच्या वर्षी सोनियाने स्वतःची तपासणी करून घेतली, दोष निघाला. ती हार्वर्डमधून कायदा शिकलेली, नवरा एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनातला. दोघांनी आपापली कामं सोडली, जीवशास्त्र पहिल्या धड्यापासून शिकले, पीएचडी केली आणि आता बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये प्रायॉनवरच त्यांची प्रयोगशाळा आहे. मुलं हवी होती तेव्हा गर्भ तपासून, दोष नसलेला निवडून त्यांनी ती होऊ दिली. मेंदूत मुळात हे प्रथिनच कमी तयार व्हावं यासाठीच्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी आता सुरू झालेली आहे. तो रस्ता घडवण्यात या दोघांचा मोठा हात आहे. मी ही गोष्ट मामेभावाला सांगितली, धाकटीला नाही सांगितली. तिने विचारली असती तर सांगितली असती.

मामांचा अहवाल आला. जनुकात दोष नव्हता. आजीचे पाय कशाने लटपटत होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बहुधा गुडघे आणि मोतीबिंदू. आईने त्या दिवशी काही न बोलता देवापुढे साखर ठेवली.

8. शिवल्याने होत नाही, हे पाड्यावर जाऊन सांगावं लागतं.

"स्पंजासारखा मेंदू" हे शब्द गावात पोहोचले आणि मामांकडे येणं-जाणं कमी झालं. एका शेजारणीने मामींच्या हातचा चहा नाकारला. मग मी दोन रविवार तिथे जाऊन मामांच्या ताटातला भात सगळ्यांदेखत खाल्ला. एकत्र जेवणं, अंघोळ घालणं, कपडे धुणं, खोकला, मिठी, यातून हा आजार लागत नाही.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. मेंदूच्या शस्त्रक्रियेची हत्यारं नेहमीसारखी उकळली तरी प्रायॉन मरत नाहीत, म्हणून आधीच्या-नंतरच्या कुठल्याही शस्त्रक्रियेच्या वेळी हा आजार सांगितलाच पाहिजे. आणि अशा रुग्णाचं रक्त, डोळे, अवयव दान करता येत नाहीत. बुबुळाच्या रोपणातून सीजेडी गेल्याची नोंद 1974 मध्येच झालेली आहे. मामांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलेला होता. शाळेतल्या मुलांना त्याचं महत्त्व सांगायचे. तो फॉर्म रद्द करताना मामेभावाला सगळ्यांत जास्त रडू आलं.

9. सांभाळायचं कसं?

थोडक्यात सांगते, कारण यात युक्त्यांपेक्षा माणसं जास्त लागतात. पाणी पातळ म्हणून सोपं वाटतं, पण तेच आधी ठसक्यात जातं; पेज घट्टसर द्यावी, बसवून द्यावी, घाई करू नये. हवेची गादी लवकर आणावी, पाठ फुटल्यावर आणून फायदा थोडा. अंधारात मामांना भास व्हायचे, म्हणून रात्रभर मंद दिवा ठेवला. नळी घालायची की नाही हे डॉक्टरांनी आमच्यावर सोडलं. मामींनी नको म्हटलं. शेवटच्या दिवसांत मामा बोलत नव्हते, बघत नव्हते. तरी मामेभाऊ संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, क्रिकेटचं पान आधी.

10. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं.

हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यात नाव, तारीख, ठिकाण असतं. माणूस कशाने गेला ते नसतं. कायद्यानेच ते त्यात दाखवत नाहीत. कारण लिहिलेलं असतं डॉक्टरच्या वेगळ्या प्रमाणपत्रात: रुग्णालयात मृत्यू झाला तर फॉर्म 4, घरी झाला तर 4अ. त्यातही पुष्कळदा "हृदयक्रिया बंद पडून" एवढंच लिहून काम उरकतात. मामा घरी गेले. प्रमाणपत्र द्यायला आलेल्या डॉक्टरांना मामेभावाने मुंबईची फाइल दाखवली आणि आजाराचं पूर्ण नाव लिहायची विनंती केली. त्यांनी स्पेलिंग फाइलमधून बघून लिहिलं.

आता एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ते प्रमाणपत्र, मुंबईचा डिस्चार्ज कागद, दुसऱ्या एमआरआयचा अहवाल, जनुक तपासणीचा निकाल आणि चौकोन-वर्तुळांच्या केसपेपरची झेरॉक्स आहे. एक संच मामींच्या कपाटात, एक मामेभावाकडे वापीला, एक आमच्या दुकानात गल्ल्याच्या खालच्या खणात. धाकटीचं लग्न झालं, तिला मुलगी आहे. चौथा संच मी तिच्यासाठी काढून ठेवलाय, ती म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे, लागला तर मागेन."